बारा सीटा आणि टोरीचं तेल

मोठे बाबा,

तुमची तेरवी होऊन नऊ दिवस झाले. घरात ज्यांना रडायचं होतं ते रडले. मला चारचौघांत रडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, तेव्हा चुका होतील.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मी बारावीत होते तेव्हा आपली पैज लागली होती. त्या पावसाळ्यातून बोटींच्या तुमच्या वाट्याच्या सहा सीटा स्वच्छ निघाल्या, त्या टोरीच्या तेलामुळे नाही. पोळ्याच्या सुट्टीत मी ते तेल पुसून काढलं होतं. सहाही सीटांवरून. तुम्ही धानाच्या बांधीत होतात आणि मोठी आई शेजारी गेली होती.

सांगायचं होतं ते एवढंच. पण एका वाक्यात सांगून टाकावं इतकं ते सोपं असतं, तर मी ते फोनवरच सांगितलं असतं. फोन तर तुम्ही दरवर्षी करत होता.

कुडव्याहून केशोरीला यायचं म्हणजे गोंदियाला रेल्वेत बसायचं, अर्जुनीला उतरायचं आणि पुढे बस. दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला त्यांच्या मोठ्या भावाकडे, म्हणजे तुमच्याकडे, सोडून परत जायचे. तलावावर गावच्या समितीच्या तीन बोटी होत्या, एक मोटरची आणि दोन पायडलच्या. त्या चालवायचे तुम्ही. पावसाळ्यात बोटी बंद. जून लागला की तुम्ही सगळ्या सीटांचे स्क्रू काढून त्या घरामागच्या कोठ्यात आणून ठेवायचे, आणि दिवाळीच्या आधी पुन्हा बसवायचे. मोटरबोटीच्या आठ, पायडलच्या चार. पांढऱ्या रेक्झिनच्या बारा सीटा.

कोठ्याचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. आधी वास आला, आठवडाभर न वाळलेल्या चादरींचा असतो तसा. तुम्ही वरची खताच्या पोत्यांची प्लास्टिकची पन्नी ओढली आणि आतून सीटा निघाल्या. शिवणीच्या रेषेत तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके, मध्ये हिरवट डाग आणि वर पांढरी लव. मी बोट लावून पाहिलं, तुम्ही हातावर चापट मारली.

"हात नोको लावू. फफूंद हाये ते."

"ती कुठून येते?"

"पानी आलं का येते. पाहुनी हाये आपली, दर साली येते."

मग तुम्ही बाजेवर सीटा मांडल्या आणि भांडी घासायची पावडर घेऊन नारळाच्या काथ्यानं घासायला बसलात. काथ्याचे ओरखडे रेक्झिनवर उठत होते. पुढच्या वर्षी त्याच ओरखड्यांत आधी काळं साचलं, हे मी पाहिलं. सांगितलं मात्र नाही. तेव्हा मी कोणालाच काही सांगत नसे.

शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, गावात मराठी चुकेल म्हणून गप्प, आणि गोंदियाच्या बाजारात सगळे हिंदीत बोलतात म्हणून तिथंही गप्प. पाहुणे आले की मोठ्या आईला विचारायचे, पोरगी मुकी आहे का? एकदा तुम्ही बाजेवरूनच उत्तर दिलंत, "मुकी नाही. पाहून राहिली. पाहून झालं का बोलन." माझ्याबद्दल कोणी इतकं बरोबर बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्याच्यानंतरही फारसं नाही.

आणि मी बोलले ते तुमच्याशीच. मला वाटतं, तुम्हाला भांडल्याशिवाय काम सुरूच करता येत नसे. स्क्रू कोणत्या बाजूनं काढायचा यावर भांडण, सीट सावलीत वाळवायची की उन्हात यावर भांडण. माझं चुकलं की तुम्ही तोंडावर "गलत" म्हणायचे. पोरगी आहे, लाजाळू आहे, कॉन्व्हेंटची आहे, असं काही मनात ठेवायचे नाही. "मॅडम, गलत." बस. मला ते आवडायचं. बाकी सगळे माझ्याशी काचेचं भांडं उचलावं तसं बोलायचे.

मी आठवीत असताना तुम्ही ब्लीचिंग पावडर वापरलीत. विहिरीत टाकायला आलेली उरली होती. बादलीत कालवली आणि सीटांवर ओतून दुपारभर ठेवली. सीटा दुधासारख्या झाल्या. तुम्ही मला हाक मारून बोलावलंत. "पाहा मॅडम. बगळे बसले का सीटा हायेत, सांग." मलाही ते खरंच सुंदर वाटलं. डिसेंबरात, मी नाताळच्या सुट्टीत आले होते तेव्हा, रायपूरकडचे एक जाडजूड साहेब मोटरबोटीत बसले आणि सीटेची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. ब्लीचिंगनं धागा खाल्ला होता. साहेब फोममध्ये रुतले, त्यांची बायको हसून हसून बोट हलवायला लागली, आणि तुम्ही काठावर येऊन टपरीवरच्या शामरावांना सांगितलंत, "साहेब सीटवर नाही बसले, सीटमंदी बसले."

त्या महिन्यात तुम्ही सगळ्या सीटा दाभणानं नव्यानं शिवल्यात, मासे पकडायच्या जाळ्याच्या नायलॉन धाग्यानं. मी फोम धरून बसायचे. तो धागा अजून टिकून आहे. परवा ओढून पाहिला.

टोरीचं तेल तुम्ही त्याच सुमारास सुरू केलंत. मोहाच्या बियांचं ते घट्ट, पिवळसर तेल तुमच्या घरात सगळीकडे लागायचं. गाडीच्या जुवाला, बैलाच्या शिंगांना, मोठ्या आईच्या पायांच्या भेगांना. तुमचा हिशेब साधा होता. तेल लागलं की पाणी आत शिरत नाही, पाणी शिरलं नाही की फफूंद येत नाही. म्हणून जूनमध्ये सीटा धुऊन तुम्ही त्यांना हात भरभरून तेल चोळायचे, एकावर एक रचायचे आणि वरून पन्नी बांधायचे. ऑक्टोबरात लव आणखी दाट निघायची. तुम्ही म्हणायचे, तेल कमी पडलं.

अकरावीत मी सायबर कॅफेत बसून याबद्दल वाचलं. त्याआधी कुठल्या विषयाचं इतकं मन लावून वाचलं नव्हतं. बुरशी, म्हणजे तुमची फफूंद, रेक्झिन खात नाही. रेक्झिनवरचं तेल, घाम, धूळ खाते. तेल पुसायचं, साबणाच्या कोमट पाण्यानं मऊ ब्रशनं धुवायचं, मग व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसायचं, दोन दिवस पूर्ण वाळवायचं. आणि ठेवायचं उभं, हवा लागेल असं. पन्नी बांधायची नाही. घासताना तोंडाला फडकं बांधायचं आणि घासायचं बाहेर, कोठ्यात नाही. मी सगळं एका कागदावर लिहून आणलं होतं. केशोरीला येईपर्यंत बसमध्ये तीनदा मनात म्हणून पाहिलं. तरी तुमच्यासमोर अडखळलेच.

तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "म्हणजे मी तिले तेल चारून राहिलो?"

"हो."

"दर साली?"

"हो."

"हे कोनं लिहिलं?"

"अमेरिकेतल्या कोणीतरी. त्यांच्याकडे अशाच बोटी असतात."

"त्यायच्याकडे पाऊस किती पडते?"

मला माहीत नव्हतं.

"मंग?" तुम्ही म्हणालात. "आमच्या पावसाचं त्याले काय समजते? जू पाहा, माह्या बापाच्या हातचं हाये. कायनं टिकलं? तेलानं."

"जू लाकडाचं आहे. हे रेक्झिन आहे."

"चामड्यासारखं दिसते."

"दिसतं, पण चामडं नाही."

"नाही त मंग चामड्यासारखं काऊन दिसते?"

मी गोंदियाहून आणलेली व्हिनेगरची बाटली काढली. तुम्ही बूच उघडून वास घेतलात आणि मोठ्या आईला ओरडून सांगितलंत, "अवो, हे सीटेचं चाऊमीन बनवून राहिली!"

पैज तुम्हीच लावलीत. माझी बारावी सुरू होत होती, जून लागत होता. सहा सीटा माझ्या पद्धतीनं, सहा तुमच्या. माझ्या डाव्या भिंतीला विटांवर उभ्या. तुमच्या उजव्या भिंतीला, तेल लावून, रचून, पन्नीत. दिवाळीच्या आधी दार उघडायचं ते सगळ्यांसमोर. तुम्ही हे टपरीवर सांगितलंत आणि मग ते आपल्या दोघांचं राहिलं नाही. शामराव रोज विचारायचे म्हणे, मॅडमची फफूंद काय म्हणते? निम्मं गाव तुमच्या बाजूनं आणि निम्मं माझ्या. निघताना तुम्ही मला बजावलंत, "चिटिंग नाही करायची. मी तुह्या सीटेले हात लावनार नाही, तू माह्या सीटेले लावायचा नाही."

मी म्हटलं, नाही लावणार.

तुम्ही तुमचा शब्द पाळलात. मी नाही.

पोळ्याला आम्ही सगळे आलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात बाकीचे झोपले असताना, मी कोठ्यात गेले. माझ्या सहा कोरड्या होत्या, एका कोपऱ्यात करडा डाग होता तेवढाच. तुमची पन्नी उचलली. सहाही सीटांवर लव आली होती, बोटाच्या पेराएवढी. मी तिथं उभी होते आणि मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. मला शामराव दिसले, टपरीवरची बाकी माणसं दिसली, आणि तुम्ही दिसलात, पन्नी हातात धरून त्यांच्यासमोर उभे.

ऊन पडलं होतं. दोन दिवस नव्हते, एक दुपार पुरवून घेतली. सगळ्या बाहेर काढल्या, तोंडाला ओढणी बांधली, साबण, मऊ ब्रश, मग व्हिनेगर. उन्हात वाळवल्या. पुन्हा तशाच रचल्या, पन्नी वरून नुसती टाकली, बांधली नाही. तेलाचा वास यायला हवा म्हणून रचलेल्या सीटांखालच्या लाकडी फळ्यांना थोडं टोरीचं तेल चोळलं. हे मी घाईत केलं नाही. विचार करून केलं. आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं ते मुख्यतः हे, फळ्यांना तेल चोळल्याचं.

दिवाळीच्या आधी तुम्ही दार उघडलंत. बाहेर दहा-बारा माणसं होती. बाराही सीटा स्वच्छ. तुम्ही एकेक सीट वाकून पाहिलीत, हुंगलीत. मग वळून म्हणालात, "बराबरी! तेल लावलं काय, नाही लावलं काय, सारखंच. मंग लावाच न! चमक त येते."

सगळे हसले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "मॅडम हरली नाही," तुम्ही त्यांना सांगितलंत, "पन जिंकली बी नाही." मी हसले. त्या दिवशी तुम्ही इतके खूश होतात की पहिल्या फेरीला मला मोटरबोटीचं हँडल दिलंत आणि मधल्या बेटापर्यंत परत मागितलं नाहीत.

पुढच्या जूनपासून तुम्ही बाराही सीटांना तेल लावायला लागलात. पैजेनं तेच सिद्ध केलं होतं. मी नागपूरला शिकायला गेले, मग तिथंच नोकरीला लागले. दर ऑक्टोबरात तुमचा फोन यायचा.

"यंदा लय आली व फफूंद."

"हो?"

"पानी जास्त झालं न यंदा."

"हो, असेल."

असे सहा फोन झाले. सहा वेळा मी "हो, असेल" म्हटलं. सहा वर्षं तुम्ही बारा सीटा त्या कोठ्यात बसून घासल्यात, तोंडाला फडकं न बांधता. शेवटच्या दोन वर्षांत फोनवर तुम्ही खोकायचे. तुम्ही गेलात ते हृदयविकारानं, त्याचा त्या बुरशीशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा चिडले.

मी स्वतःला समजावत आले होते की मी तुमचा मान राखला. टपरीवर तुमची फजिती होऊ दिली नाही. तेरवीच्या दिवशी पंगतीत वाढताना एकाएकी कळलं की मान तो नव्हताच. तुम्ही मला कधी जिंकू दिलं नाहीत. माझं चुकलं तेव्हा चुकलं म्हणालात, आणि बरोबर असेल तेव्हा सिद्ध कर म्हणालात. आणि मी? मी तुम्हाला लहान मुलाला खेळात जिंकवतात तसं जिंकवलं. तुम्हाला हार सोसवणार नाही हे मी परस्पर ठरवलं. टपरीवर तुम्ही हरला असतात तर काय केलं असतंत? साहेब सीटमंदी बसले, असंच काहीतरी म्हणाला असतात आणि सगळ्यांत आधी स्वतः हसला असतात. पुढच्या वर्षी तेल लावलं नसतंत. कदाचित लावलंही असतंत. पण ते तुम्ही ठरवलं असतंत.

परवा दादा एकटाच सीटा काढून घेऊन आला. बोटी आता तुमच्यामागे तुमचा हा लेकच पाहणार आहे. मी सुट्टी वाढवून थांबले होते. ढग येऊन राहिले होते, म्हणून त्याला घाई होती. मी अंगणात आले तेव्हा चार सीटा तेल लावून झाल्या होत्या. पाचवी त्याच्या मांडीवर होती, आणि तेलाचा डबा बाजूला.

"दादा, थांब," मी म्हटलं.

"काऊन?"

"तेल नको लावू."

"बाबा लावत होते." त्यानं हात थांबवला नाही. "ज्या वर्षी पैज लागली, तवा दोन्ही बराबर निघाल्या होत्या. तू बी होतीस न."

मोठी आई पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनंही वर पाहिलं. मला वाटलं, आता नागपूरच्या बसची वेळ विचारावी आणि आत जावं. मी तसं करू शकते, मला ते चांगलं जमतं. मग मी सांगितलं. पोळ्याची दुपार, लव, व्हिनेगर. फळ्यांना चोळलेलं तेलही सांगितलं. मधे अडखळले, काही शब्द इंग्रजीत आले, पण सगळं सांगितलं.

दादानं सीट खाली ठेवली. "म्हणजे बाबा बेअक्कल होते असं म्हनतेस काय तू?"

"नाही. तेल चुकीचं होतं. आणि मी खोटं वागले."

"गेल्यावर सांगून राहिली? तेरवीले दहा दिवस नाही झाले."

"हो."

तो उठून नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. टोरीचं तेल लवकर निघत नाही. मोठ्या आईनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सीटांजवळ आली.

"सहा साल घासत राहिला तो माणूस," ती म्हणाली. "पाठ धरून बसे रातभर. मी शेक देऊन राहायची."

मी तेलाच्या डब्याचं झाकण लावलं.

"त्याले सांगाचं होतं, बाई."

"हो, मोठी आई."

तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि माफही केलं नाही. आत गेली, एक जुनं धोतर घेऊन आली. तुमचंच होतं. फाडून त्याचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातात दिला, एक नळाजवळ नेऊन दादाच्या खांद्यावर टाकला.

मी खाली बसले आणि तेल पुसायला लागले. या वेळी भर अंगणात, सगळ्यांसमोर. रस्त्यावरून जाणारे पाहत होते. शामराव सायकलवरून उतरून कुंपणाशी थांबले आणि विचारलं, "काय होऊन राहिलं, मॅडम?" मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुही जीत होती?" मी म्हटलं, हो. ते मान हलवत निघून गेले. आतापर्यंत टपरीवर सगळ्यांना कळलं असेल.

दादा थोड्या वेळानं आला आणि माझ्याकडे न पाहता पलीकडची सीट घेऊन बसला. आम्ही दोघं पुसत होतो. मोठी आई कमरेवर हात ठेवून वर उभी होती.

"शिवनीत राहिलं हाये," ती म्हणाली. "जोर लाव."

मी जोर लावला.